क्रांतीचे सोहळे आणि दहा दिवसांचा आठवडा

१४ जुलै २००९ रोजी पॅरिसच्या शाँझेलिझेवर झालेल्या परेडमध्ये भारतीय सैन्याच्या तुकड्या होत्या, आणि त्यात आपली मराठा लाइट इन्फंट्रीसुद्धा होती. तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी फोटो छापले, आपणही छाती फुगवली. पण १४ जुलै म्हणजे नक्की काय, असं विचारलं तर आपल्यापैकी बहुतेक जण सांगतील, "बॅस्टिल पडलं तो दिवस." निम्मं बरोबर. कारण फ्रान्समध्ये १८८० साली या दिवसाला राष्ट्रीय सणाचा दर्जा देणारा कायदा झाला, त्यात साल लिहिलंच नाही. बॅस्टिल पडलं तो १४ जुलै १७८९चा की त्याच्या बरोब्बर एक वर्षानंतरचा, हे मुद्दाम मोघम ठेवलं. पहिल्यात रक्त होतं, दुसऱ्यात पाऊस आणि आलिंगनं. ज्याला जो हवा त्याने तो साजरा करावा.

या मोघमपणामागची गोष्ट शोधत मी गेले तीन-चार वीकेंड फ्रेंच क्रांतीत मुक्काम ठोकून आहे. शाळेत आपण ही क्रांती कारणं आणि परिणाम अशा दोन रकान्यांत शिकलो. (कारणं पाच, परिणाम सहा, प्रत्येकी एक मार्क!) त्यात एक गोष्ट कुणी सांगितलीच नाही. या लोकांनी दहा वर्षांत जितके कायदे केले, तितक्याच हिरीरीने सोहळे केले. मिरवणुका, पुतळे, टोप्या, बिल्ले, नवं कॅलेंडर, नवी घड्याळं, एवढंच काय, एकमेकांना हाक मारायची नवी पद्धत. डोकं उडवणाऱ्या यंत्राची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण डोक्यात काय भरायचं याचा एवढा मोठा उपद्व्याप चालला होता हे फार जणांना माहीत नसतं.

तर मंडळी, आजचा विषय तो. क्रांत्या सोहळे का करतात, आणि त्यातलं काय टिकतं?

जुनी सिस्टीमही सोहळ्यांवरच चालायची

आधी एक गैरसमज दूर करू. राजेशाही म्हणजे "खरी" सत्ता आणि क्रांतीचे उत्सव म्हणजे नाटक, असं काही नव्हतं. राजेशाही हेच एक अखंड नाटक होतं. सोळाव्या लुईचा राज्याभिषेक ११ जून १७७५ला रँसच्या कॅथेड्रलमध्ये झाला. तिथे एका कुपीतलं पवित्र तेल राजाला लावायचे. हे तेल थेट स्वर्गातून आलं अशी श्रद्धा. अभिषेकानंतर राजाच्या हाताला रोग बरा करण्याची शक्ती येते असंही मानायचे, म्हणून लुईने गंडमाळेच्या सुमारे २४०० रुग्णांना रांगेने स्पर्श केला. ही अठराव्या शतकाच्या शेवटची गोष्ट आहे बरं का, व्होल्तेर अजून जिवंत होता!

पुढे ४ मे १७८९. व्हर्सायमध्ये इस्टेट्स जनरलची मिरवणूक. कुणी काय घालायचं हे दरबाराने ठरवून दिलेलं. सरदारांना सोनेरी कशिदा आणि टोपीत पिसं. सामान्य लोकांच्या प्रतिनिधींना साधा काळा पोशाख. म्हणजे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या निरक्षर माणसालासुद्धा एका नजरेत कळावं की कोण वरचा आणि कोण खालचा. आपल्याला हे समजायला अवघड नाही. धोतर कसं नेसायचं, दागिना कुठल्या धातूचा घालायचा, पंगतीत कुठे बसायचं, यावर आपल्याकडे शतकानुशतकं हेच चालत आलं. उतरंड पुस्तकात असते त्याहून जास्त अंगावर आणि रस्त्यावर असते.

त्यामुळे क्रांतिकारकांपुढचा प्रश्न खराखुरा होता. कायदा बदलला, ठीक. पण लोकांचे डोळे जुनंच बघत असतील तर? गावातला शेतकरी सरदार दिसला की आपोआप टोपी काढतो. ती टोपी डोक्यावरच राहावी यासाठी कुठलं कलम लिहिणार?

ढकलगाड्यांचा उत्सव

पहिलं उत्तर फार सुंदर होतं. बॅस्टिल पडल्याला एक वर्ष झालं म्हणून १४ जुलै १७९०ला पॅरिसच्या शाँ-द-मार्स मैदानात देशभरातल्या लोकांचा मेळावा भरवायचं ठरलं. (आज जिथे आयफेल टॉवर आहे ना, त्याच्या पायथ्याशी पसरलेलं हिरवं मैदान, तेच.) मैदान सपाट होतं. लाखो लोकांना दिसावं म्हणून कडेने मातीचे उंच उतार करायचे होते, मधोमध "मातृभूमीची वेदी" उभारायची होती. लावलेले मजूर काही वेळेत काम संपवणार नाहीत हे दिसायला लागलं. डेडलाइन आली, काम बाकी. ओळखीचं वाटतंय ना?

मग पॅरिसचे लोक स्वतःच आले. कारागीर, दुकानदार, साधू, सैनिक, चांगल्या घरच्या बायका, सगळे फावडी आणि ढकलगाड्या घेऊन मातीत उतरले. ज्यांनी आयुष्यात कधी माती उचलली नव्हती ते रोजंदारीवाल्याच्या शेजारी उभे राहून गाडी ढकलत होते. या दिवसांना पुढे "ढकलगाड्यांचे दिवस" असंच नाव पडलं.

प्रत्यक्ष सोहळ्याला धो धो पाऊस. तरी अंदाजे तीन लाख लोक बसून राहिले. ८३ नव्या जिल्ह्यांचे झेंडे, तालेराँने म्हटलेली प्रार्थना, लाफायेतची शपथ, आणि मग खुद्द राजाने घेतलेली राज्यघटनेची शपथ. राजाने लोकांपुढे शपथ घ्यायची! पंधरा वर्षांपूर्वी ज्याच्या हाताच्या स्पर्शाने रोग बरे होतात असं मानलं जात होतं, तोच हात आता लोकांसमोर वर गेला होता.

मला विचाराल तर खरा सोहळा त्या दिवशीचा नव्हताच. खरा सोहळा आधीच्या ढकलगाड्यांचा. तिथे समानतेचं चित्र काढलं नव्हतं, समानता घडत होती. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि आता त्याच मैदानातलं पुढचं पान. जून १७९१मध्ये राजा पळून जाताना पकडला गेला. १७ जुलै १७९१ला लोक पुन्हा शाँ-द-मार्सवर जमले, त्याच वेदीवर कागद ठेवून राजाविरुद्धच्या अर्जावर सह्या करायला. लाफायेतच्याच हुकमतीखालच्या नॅशनल गार्डने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. एक वर्ष आणि तीन दिवस. तीच वेदी, तोच सेनापती. ज्यांनी "आपण सारे एक" म्हणत माती वाहिली, त्यांच्यातलेच काही त्या मातीवर पडले. सोहळ्याने भांडण मिटत नाही, फक्त एका दिवसापुरतं दिसेनासं होतं. हे फ्रान्सला तेव्हा कळलं, आपल्याला दर निवडणुकीनंतर कळतं.

मूर्ती फोडणं आणि मूर्ती घडवणं

राजेशाही गेली (१७९२), राजाही गेला (२१ जानेवारी १७९३). मग चिन्हांची साफसफाई सुरू झाली. रँसची ती पवित्र तेलाची कुपी ऑक्टोबर १७९३मध्ये भर चौकात फोडली गेली. नोत्र दामच्या दर्शनी भिंतीवर २८ राजांचे पुतळे होते. हे फ्रान्सचे राजे असं समजून त्यांना खाली पाडलं, मुंडकी तोडली. प्रत्यक्षात ते बायबलमधले ज्यूडाचे राजे होते! बिचाऱ्यांचा फ्रान्सच्या करांशी काडीचा संबंध नव्हता. त्यातली २१ मुंडकी १९७७ साली पॅरिसमधल्या एका इमारतीच्या कामात जमिनीखाली सापडली. कुणीतरी ती जपून पुरून ठेवली होती. आता ती क्ल्यूनीच्या म्युझियममध्ये आहेत. फोडणाऱ्याला वाचायची फुरसत नसते, हा नियम सार्वकालिक असावा.

गंमत अशी की याच सरकारने १० ऑगस्ट १७९३ला लूव्रचा राजवाडा लोकांसाठी म्युझियम म्हणून उघडला. म्हणजे एका हाताने फोडायचं, दुसऱ्या हाताने जपायचं. "व्हँडलिझम" हा शब्दच मुळी याच काळातला, आबे ग्रेग्वार नावाच्या क्रांतिकारक धर्मगुरूने आपल्याच लोकांच्या तोडफोडीला १७९४मध्ये दिलेला.

त्याच १० ऑगस्टला चित्रकार दाव्हिदने आखलेला भव्य उत्सव होता. बॅस्टिलच्या मोकळ्या जागेवर निसर्गदेवीचा इजिप्शियन थाटाचा प्रचंड पुतळा उभा केला. देवीच्या स्तनांतून पाणी वाहत होतं. संसदेचा अध्यक्ष एरो द सेशेल याने आधी पेला भरून ते पाणी प्यायलं, मग प्रत्येक जिल्ह्यातून आलेल्या वृद्ध प्रतिनिधींनी. पुनर्जन्माचं पाणी! पुतळा दिसायला ब्राँझचा, पण होता प्लास्टरचा, वरून रंग दिलेला. आठ महिन्यांनी, ५ एप्रिल १७९४ला, एरो द सेशेलचं मुंडकं गिलोटिनखाली होतं.

हे "प्लास्टर" प्रकरण मला फार बोलकं वाटतं. खजिना रिकामा, युद्ध चालू, वेळ नाही. म्हणून सगळं प्लास्टरचं, पुठ्ठ्याचं, तात्पुरतं. आपण प्रोडक्शनमध्ये प्रोटोटाइप चढवतो आणि म्हणतो, "नंतर नीट करू." ते "नंतर" कधी येत नाही.

चित्रातली बाई आणि खोलीतली बाई

आता जरा गंभीर. या सगळ्या वाचनातला जो भाग माझ्या डोक्यातून जात नाही तो हा.

सप्टेंबर १७९२मध्ये नव्या प्रजासत्ताकाच्या शिक्क्यावर राजाच्या जागी एक स्त्री आली. स्वातंत्र्यदेवी. हातात भाला, त्यावर मुक्त गुलामाची टोपी. हीच पुढे "मारिआन" झाली, फ्रान्सच्या नाण्यांवर आणि टपाल तिकिटांवर गेली. स्त्री का? एक कारण सोपं आहे. ती कुठल्याही खऱ्या सत्ताधाऱ्यासारखी दिसत नव्हती. पुरुष काढला तर लोक विचारणार, हा कोण? बाई काढली की कुणाला शंकाच येणार नाही की ही खरोखर राज्य करणार आहे!

आता तारखा बघा. एकापुढे एक ठेवून बघा.

३० ऑक्टोबर १७९३: स्त्रियांच्या सर्व राजकीय क्लबांवर बंदी.

३ नोव्हेंबर १७९३: ओलांप द गूज हिला गिलोटिन. हिने १७९१मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला होता.

१० नोव्हेंबर १७९३: नोत्र दाममध्ये विवेकाचा उत्सव. ऑपेरातल्या एका कलावतीला शुभ्र वस्त्रं, निळा झगा आणि लाल टोपी घालून देवीसारखं बसवलं आणि तिला वंदन केलं.

१७ नोव्हेंबर १७९३: लाल टोप्या घातलेल्या खऱ्याखुऱ्या बायकांचं शिष्टमंडळ पॅरिसच्या नगरपालिकेत आलं. शोमेत, म्हणजे विवेकाचा तो उत्सव घडवून आणणाऱ्यांतला पुढारी, त्यांच्यावर तुटून पडला. घरी जा, मुलं सांभाळा, आणि त्या ओलांपचं काय झालं ते आठवा, असा एकूण सूर.

अठरा दिवस. तीच लाल टोपी. देवीच्या डोक्यावर असली की पवित्र, बाईच्या डोक्यावर असली की गुन्हा.

हे वाचून मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. कारण हे फ्रान्सपुरतं आणि १७९३पुरतं नाही हे कळायला इतिहासकार असावं लागत नाही. ज्याचं चित्र सगळ्यात मोठं लावलंय, त्याला मीटिंगमध्ये खुर्ची आहे का, हा प्रश्न कुठल्याही सोहळ्याला विचारून बघा. देवळाला, देशाला, आणि हो, कंपनीलासुद्धा.

तू आणि तुम्ही

मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा चटकन समजेल अशी एक गोष्ट. फ्रेंचमध्येही आपल्यासारखं "तू" आणि "तुम्ही" आहे. १७९३च्या शेवटी मागणी आली की स्वतंत्र माणसांनी एकमेकांना "तू" म्हणावं. "महाशय", "बाईसाहेब" बंद, सगळे "नागरिक" आणि "नागरिका". सक्तीचा कायदा झाला नाही, पण सरकारी पत्रं "तू"मध्ये जाऊ लागली. कारकून मंत्र्याला "तू" लिहितोय, कल्पना करा!

आमच्या क्षेत्रात हे न सांगताच झालं. पंचविशीतली मुलगी पन्नाशीच्या व्हाइस प्रेसिडेंटला पहिल्या नावाने हाक मारते. हेच दोघे मराठीत बोलायला लागले की मात्र "अहो सर" सुरू. आणि तेच सर ऑफिसच्या चहावाल्या मामांना सहज "अरे" म्हणतात, मामा त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असले तरी. इंग्रजीने दिलेली समानता मराठीत शिरली की लगेच चपला बाहेर काढून नम्र होते. तेव्हा फ्रेंचांना हसू नका. सर्वनाम ही क्षुल्लक गोष्ट नाही हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

जगातलं सगळ्यात धाडसी मायग्रेशन

आता माझा लाडका भाग. कॅलेंडर!

ऑक्टोबर १७९३मध्ये ठरलं की काळ पुन्हा शून्यापासून मोजायचा. पहिल्या वर्षाचा पहिला दिवस २२ सप्टेंबर १७९२, प्रजासत्ताकाचा जन्म. प्रत्येकी ३० दिवसांचे १२ महिने, वर ५ किंवा ६ सणाचे दिवस. आठवडा दहा दिवसांचा. दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटं. गणिताची बाजू मुख्यतः गिल्बेर रोमने सांभाळली, नावं कवी फाब्र देग्लांतीनने दिली. ब्र्युमेर म्हणजे धुक्याचा महिना, निव्होज बर्फाचा, थर्मिदोर उष्म्याचा. संतांच्या नावांऐवजी प्रत्येक दिवसाला वनस्पती, प्राणी किंवा शेतीचं अवजार. कुणाचा वाढदिवस गाजराचा, कुणाचा नांगराचा.

इंजिनिअर म्हणून स्पेसिफिकेशन वाचायला घेतलं आणि पहिल्याच पानावर बग सापडला. कायदा म्हणतो, वर्ष पॅरिसच्या वेळेनुसार शरद संपाताच्या दिवशी सुरू होईल. तोच कायदा म्हणतो, दर चार वर्षांनी लीप वर्ष येईल. ही दोन वाक्यं कायमची एकत्र नांदूच शकत नाहीत! तिसरं, सातवं, अकरावं वर्ष लीप, मग पंधरावं, आणि संपाताप्रमाणे त्यापुढचं थेट विसावं. शिवाय महिन्यांची नावं पॅरिसच्या हवामानाला हार्डकोड केलेली. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावरच्या फ्रेंच प्रजेने बर्फाचा महिना कुठून आणायचा?

पण कॅलेंडर या बगमुळे मेलं नाही. ते मेलं सुट्टीमुळे. सातऐवजी दहा दिवसांनी सुट्टी म्हणजे वर्षाला ५२ऐवजी ३६. त्यात संतांचे सणही गेले. रविवार म्हणजे नुसती प्रार्थना नव्हती. बाजार, भेटीगाठी, लग्नाच्या बोलण्या, दारूचा गुत्ता, नाच, सगळं रविवारचं. सरकारने त्यांच्या हातातून ते काढून घेतलं आणि बदल्यात दहाव्या दिवशी नागरी सद्गुणांवर भाषण दिलं. लोकांनी काय केलं असेल? दहाव्या दिवशी काम केलं आणि रविवारी चांगले कपडे घातले. शेवटी नेपोलियनने १ जानेवारी १८०६पासून जुनं कॅलेंडर परत आणलं. रोलबॅक.

आता यातली खरी मेख. ७ एप्रिल १७९५चा एकच कायदा आहे. त्यात मीटर, लीटर, ग्रॅम ही मापं ठरवली आणि त्याच कायद्यात दशमान घड्याळ बेमुदत स्थगित केलं. एकाच डोक्यातून निघालेल्या दोन कल्पना. एक जगभर गेली, एक दोन वर्षांच्या आतच थांबली. का? कारण जुन्या फ्रान्समध्ये गावागणिक माप बदलायचं आणि जमीनदार आपल्या मापाने धान्य मोजून घ्यायचा. नव्या मापाने खरं दुखणं दूर होणार होतं. (तेही लगेच रुजलं नाही, सक्ती पक्की व्हायला १८४० उजाडलं.) घड्याळाचं मात्र कुणाला दुखतच नव्हतं.

आपल्याकडे याची जुळी बहीण आहे. २२ मार्च १९५७ला भारताने राष्ट्रीय सौर कॅलेंडर स्वीकारलं, १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. मध्ये अवघे दहा दिवस. आणे आणि पै आज म्हणींत उरलेत. आणि आज भारतीय सौर तारीख कोणती, हे न बघता सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. ती राजपत्रावर छापली जाते. आपण गणपतीला पंचांग आणि पगाराला इंग्रजी तारीख बघतो.

हजेरीपट

२० प्रेरिआल, वर्ष दुसरे. म्हणजे ८ जून १७९४. परमतत्त्वाचा उत्सव. रोब्सपिएर संसदेचा अध्यक्ष, हातात फुलं आणि धान्याच्या ओंब्या. त्याने "नास्तिकते"च्या पुतळ्याला मशाल लावली. ती जळून आतून "प्रज्ञा" प्रकट होणार अशी योजना. प्रकट झाली, पण धुराने काळवंडलेली. मग शाँ-द-मार्स, हो तेच मैदान, तिथे उभारलेला कृत्रिम डोंगर. अध्यक्ष वर चढला, खाली जनता गात होती.

गिलोटिन लगेच शहराच्या पूर्वेला हलवलं. उत्सवानंतर दोनच दिवसांनी, १० जूनला असा कायदा आला की आरोपीला वकील नाही, आणि शिक्षा दोनच, सुटका किंवा मृत्यू. पुढच्या सुमारे सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये तेराशेहून जास्त माणसं मारली गेली. २८ जुलैला खुद्द रोब्सपिएर.

उत्सवामुळे हत्या झाल्या असं मी म्हणत नाही. युद्ध होतं, उपासमार होती, खरी कारस्थानंही होती. पण सोहळ्याचं काम बदललं होतं. १७९०मध्ये लोक यायचे कारण यावंसं वाटायचं. सप्टेंबर १७९३पासून बायकांनाही तिरंगी बिल्ला सक्तीचा झाला. बिल्ला नाही म्हणजे संशयित. सगळे टाळ्या वाजवतात तिथे टाळी मनापासून आहे की भीतीने, हे कुणालाच कळत नाही, वाजवणाऱ्यालासुद्धा. सोहळा हजेरीपट झाला की त्यातून माहिती मिळणं बंद होतं. सत्तेला वाटतं लॉग स्वच्छ आहेत, म्हणजे सिस्टीम ठणठणीत आहे. प्रत्यक्षात लोकांनी एरर लिहिणंच बंद केलेलं असतं.

मोना ओझूफ या फ्रेंच इतिहासकार बाईंनी १९७६ साली या उत्सवांवर गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की या उत्सवांनी देवळातलं पावित्र्य उचलून राष्ट्र, नागरिक, हक्क यांच्यावर नेऊन ठेवलं. उत्सव विसरले गेले, पावित्र्य तिथेच राहिलं. मला हे बऱ्याच अंशी पटतं. माणसाला जन्मतः हक्क असतात हे आज आपल्याला कुणी सिद्ध करून दाखवावं लागत नाही. तेव्हा ते वेडगळ वाटायचं.

पाणी

एरो द सेशेलचा तो पेला आठवतोय? आता एका वेगळ्या पाण्याकडे.

२० मार्च १९२७, महाड. नगरपालिकेने १९२४ सालीच चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं शिस्तीत चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. इथे पुतळा नव्हता, प्लास्टर नव्हतं. पाणी पिणं हे समानतेचं प्रतीक नव्हतं, तीच समानता होती. ढकलगाड्यांसारखी. म्हणूनच त्याची किंमतही खरी होती. लोकांना मारहाण झाली, आणि मग तळ्याचं "शुद्धीकरण" केलं गेलं. सोहळ्याला प्रतिसोहळा!

डिसेंबर १९२७मध्ये बाबासाहेब पुन्हा महाडला आले तेव्हा तळ्यावर जायला कोर्टाची मनाई होती. २५ डिसेंबरला तिथल्या भाषणात त्यांनी आपल्या परिषदेची तुलना थेट १७८९च्या व्हर्सायमधल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. परिषदेच्या अखेरीस त्यांनी स्त्रियांशी बोलताना लुगडं कसं नेसावं आणि जातीची खूण सांगणारे दागिने टाकून द्यावेत हेही सांगितलं. म्हणजे व्हर्सायच्या काळ्या पोशाखाचा आणि सोनेरी कशिद्याचा मुद्दा. उतरंड अंगावर असते, ती अंगावरूनच उतरवायची. आणि त्या बायका तिथे चित्रात नव्हत्या, समोर बसल्या होत्या.

फ्रान्सचं अनुकरण होतं का हे? नाही. ३ ऑक्टोबर १९५४च्या आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी स्पष्टच सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच क्रांतीकडून घेतलेली नाहीत, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. पण फ्रेंच क्रांती त्यांनी बारकाईने वाचली होती, आणि सोहळ्यात काय घ्यायचं, काय टाळायचं हे त्यांना नेमकं कळलं होतं असं मला वाटतं. चवदार तळ्याची कोर्टातली लढाई १७ मार्च १९३७ला मुंबई हायकोर्टात जिंकली गेली. दहा वर्षं. सोहळ्याने दार ठोठावलं, उघडायला वकील लागले. दोन्ही लागतात.

असो. खूप लांबलं. तीन प्रश्न सोडून जातो. पुढच्या वेळी कुठलाही सोहळा दिसला, सरकारी, धार्मिक, किंवा नव्या लोगोचे टीशर्ट वाटणारा ऑफिसचा, तर विचारून बघा. न येणाऱ्याला काय किंमत पडते? ज्याचं चित्र मिरवलं जातंय तो आत आहे की बाहेर? आणि मांडव उतरवल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला असं काय करता येतं, जे काल करता येत नव्हतं?

तिसऱ्याचं उत्तर "काही नाही" असेल तर ते प्लास्टर आहे.